आकड्याचा पत्ता

एक किलो पांढऱ्या सुती होजियरी कापडाला गडद निळा रंग द्यायचा आहे, असं समजू. रंगाईच्या यंत्रात कापडाच्या वजनाच्या सात-आठ पट पाणी लागतं. आपण आठ लिटर धरू. सुतावर सर्रास वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग धाग्याकडे सहजासहजी जात नाहीत. पाण्यात सुतावर ऋण भार येतो, रंगाच्या कणांवरही ऋण भार असतो, आणि दोघं एकमेकांना दूर लोटतात. हा दुरावा मोडायला पाण्यात मीठ घालावं लागतं. गडद छटेसाठी लिटरमागे साठ ग्रॅम धरलं, तर आठ लिटरला ४८० ग्रॅम. म्हणजे एक किलो कापडाला जवळजवळ अर्धा किलो मीठ. मग सोडा ॲश घालून रंग पक्का करायचा आणि धुण्यावर धुणी काढायची. रंगाचा पाचवा ते तिसरा हिस्सा कापडाला न चिकटता पाण्यासोबत जातो. मीठ मात्र झाडून सगळं जातं, कारण त्याचं काम रंग धाग्यापर्यंत पोचवण्यापुरतंच असतं.

दुकानात त्या टी-शर्टच्या मानेमागे लेबल असतं: शंभर टक्के कॉटन, कोमट पाण्यात धुवा, उलटा करून इस्त्री करा. हल्ली त्याच्या शेजारी हिरव्या पानाचं चित्र आणि 'पर्यावरणस्नेही' असा शब्दही असतो. तो शब्द खरा की खोटा, हे ठरवायला कुणीतरी कुठेतरी काहीतरी मोजलेलं असायला हवं. काय मोजलं, कुठे मोजलं आणि मोजलेलं कुणाच्या नावावर मांडलं, यावर उत्तर किती बदलतं, ते या प्रकरणात पाहू.

नोय्यलकाठचं मोजमाप

सुरुवात तिरुप्पूरपासून करू. तमिळनाडूतलं हे शहर म्हणजे भारताच्या विणलेल्या होजियरी कपड्यांच्या निर्यातीचं मुख्य केंद्र. पश्चिम घाटातल्या वेळ्ळियंगिरी डोंगरात उगम पावणारी नोय्यल नदी कोइम्बतूर आणि तिरुप्पूर ओलांडून पुढे कावेरीला मिळते. निर्यात वाढली तशी तिरुप्पूरमधली रंगाईघरं वाढली आणि त्यांचं सांडपाणी नोय्यलमध्ये उतरू लागलं.

सांडपाण्यावर प्रक्रिया होत नव्हती असं नाही. चुना आणि फेरस सल्फेट घालून रंग तळाशी बसवता येतो, जिवाणूंच्या मदतीने सेंद्रिय घाण कमी करता येते. विरघळलेलं मीठ मात्र या दोन्ही पायऱ्या पार करून जसंच्या तसं बाहेर पडतं. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण म्हणजे टीडीएस. घरी आरओ बसवायला आलेला माणूस पेनासारखं यंत्र पाण्यात बुडवून दाखवतो, तोच आकडा. केंद्र सरकारच्या २०१६च्या अधिसूचनेत कापड-प्रक्रिया उद्योगाच्या सांडपाण्यासाठी ही मर्यादा लिटरमागे २१०० मिलिग्रॅम आहे. रंगाईघराचं मूळ सांडपाणी सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट खारं असतं.

शहराच्या खालच्या अंगाला, ओरथुपालयम इथे, १९९२मध्ये नोय्यलवर धरण बांधून झालं. इरोड आणि करूरकडची सुमारे वीस हजार एकर जमीन भिजवण्यासाठी ते होतं. काही वर्षांतच त्यात साठलेलं पाणी इतकं खारावलं, की ज्या शेतकऱ्यांसाठी धरण बांधलं तेच ते पाणी सोडू नका म्हणू लागले. विहिरी खारट झाल्या, जमिनीचा कस गेला. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांच्या संघटनेने २००३मध्ये मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर २००६मध्ये न्यायालयाने नदीत सांडपाण्याचा थेंबही सोडायचा नाही असा आदेश दिला, ऑक्टोबर २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. तरी अंमलबजावणी रखडली, तेव्हा २८ जानेवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाने तिरुप्पूरची सातशेहून अधिक रंगाईघरं बंद करायला सांगितलं. ती पुन्हा सुरू झाली ती 'शून्य विसर्गा'च्या अटीवर.

या सगळ्या लढ्यात जे मोजमाप कामाला आलं ते अगदी साधं होतं: अमुक विहीर, अमुक तारीख, पाण्यात इतका क्षार. त्या आकड्याला पत्ता होता. म्हणून त्यावर वाद घालता आला, तपासणी करता आली, भरपाई मागता आली.

हद्द कुठे आखायची?

आता याच टी-शर्टकडे तो विकणाऱ्या ब्रँडच्या बाजूने पाहू. त्याची स्वतःची गिरणी नसते, रंगाईघर नसतं, बहुधा शिलाईचं युनिटही नसतं. असतात दुकानं, गोदामं आणि कार्यालयं. त्याने प्रदूषण केलं म्हणजे नेमकं कुणी केलं?

हरितगृह वायूंपुरतं याचं उत्तर २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जीएचजी प्रोटोकॉल' या नियमावलीने दिलं. स्वतःच्या बॉयलरमध्ये आणि गाड्यांत जळलेलं इंधन हा पहिला 'स्कोप', विकत घेतलेली वीज हा दुसरा, आणि पुरवठादारांपासून ग्राहकापर्यंत बाकी सगळं तिसरा. कपड्यांच्या ब्रँडचं नव्वद टक्क्यांहून अधिक उत्सर्जन या तिसऱ्या स्कोपमध्ये असतं. त्यामुळे एखाद्या कंपनीने मुख्यालयाच्या छतावर सौर पॅनेल बसवून 'आमचं उत्सर्जन निम्म्यावर आणलं' असं जाहीर केलं आणि ते पहिल्या दोन स्कोपपुरतं असलं, तर विधान खरं असूनही टी-शर्टच्या हिशेबात त्याने जेमतेम फरक पडतो.

तिसऱ्या स्कोपच्या आत शिरलं की आणखी एक गोष्ट दिसते. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि अपॅरल इम्पॅक्ट इन्स्टिट्यूट यांनी २०२१मध्ये जगभरच्या वस्त्रोद्योगाचं उत्सर्जन २०१९ सालासाठी सुमारे १०२ कोटी टन काढलं. हे जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या साधारण दोन टक्के होतं. भाषणांत आणि जाहिरातींत फिरणारा 'दहा टक्के' हा आकडा याच्या पाचपट आहे. त्याच अभ्यासातली वाटणी अधिक बोलकी आहे: कच्चा माल तयार करण्यात २४ टक्के, सूत बनवण्यापर्यंतच्या प्रक्रियेत १५ टक्के, कापड विणणं, रंगवणं आणि फिनिशिंगमध्ये ५२ टक्के, आणि शिलाईत फक्त ९ टक्के. ब्रँडचे तपासनीस वर्षानुवर्षं जातात ते प्रामुख्याने शिलाईच्या युनिटमध्ये, कारण ब्रँडचा थेट करार तिथे असतो. निम्मं ओझं ज्या विणाई-रंगाईच्या कारखान्यांत आहे, त्यांच्याशी त्याचा बहुतेकदा काहीच करार नसतो.

हद्द दुसऱ्या टोकालाही ताणता येते. लिव्हाइसने २०१५मध्ये आपल्या ५०१ जीन्सचा जन्मापासून शेवटापर्यंत हिशेब मांडला. एका जीन्सला आयुष्यभरात ३,७८१ लिटर पाणी, आणि उत्सर्जन ३३.४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं. पाण्यातलं ६८ टक्के कापसाच्या शेतात खर्च झालं, २३ टक्के घरच्या धुण्यात. उत्सर्जनात तर घरच्या धुण्या-वाळवण्याचा वाटा ३७ टक्के. हा आकडा वाचताना वाळवणीचं यंत्र कुणाच्या घरी आहे, हे विचारावं लागतं. दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या घराचं उत्तर वेगळं येणार. कंपनीने ग्राहकाचा वाटा मोजला हे चांगलंच. पण हद्द इतकी पसरली की 'तुम्हीच कमी धुवा' असं सांगून स्वतःच्या वाट्याची चर्चा टाळायलाही वाव मिळतो.

रुई, सरकी आणि पाऊस

हद्द ठरली तरी वाटणीचा प्रश्न उरतो. विदर्भातल्या जिनिंगमध्ये शंभर किलो कापूस आला, की त्यातून साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि उरलेली बहुतेक सरकी. रुईची १७० किलोची गाठ बांधून ती सूतगिरणीकडे जाते. सरकीचं तेल निघतं, पेंड जनावरांना जाते. शेतात दिलेलं पाणी, खत आणि फवारणी आता कुणाच्या खात्यावर टाकायची? वजनाने वाटली तर दोन तृतीयांश ओझं सरकीवर, म्हणजे शेवटी तेलावर आणि दुधावर. बाजारभावाने वाटली तर बहुतेक सगळं रुईवर, म्हणजे कापडावर, कारण भाव रुईला जास्त मिळतो. आंतरराष्ट्रीय मानकांत दोन्ही पद्धतींना जागा आहे. शेत तेच, पीक तेच. फक्त वाटणीचा नियम बदलला, की टी-शर्टचा आकडा निम्मा किंवा दुप्पट होतो.

'एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी' हे वाक्य आपण अनेकदा वाचलेलं असतं. त्यात शेतावर पडणारा आणि पिकाने वापरलेला पाऊसही धरलेला असतो. जलपदचिन्हाच्या याच पद्धतीने जगाची सरासरी किलोभर कापसाला सुमारे दहा हजार लिटर येते, आणि भारताची २२ हजारांच्या आसपास. भारतीय शेतकरी पाण्याची उधळपट्टी करतो, असा निष्कर्ष यावरून घाईने काढला जातो. पण इथे हेक्टरी उत्पादन कमी आहे, त्यामुळे तेवढाच पाऊस थोड्या किलोंत विभागला जातो आणि किलोमागचा आकडा फुगतो. यवतमाळच्या कोरडवाहू रानात कापसाऐवजी ज्वारी किंवा तूर असती, तरी तो पाऊस पडलाच असता. फक्त सिंचनाचं पाणी मोजलं तर जागतिक सरासरी रुईच्या किलोमागे सुमारे १,९३१ लिटर इतकी खाली येते.

दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. धरणातलं पाणी कापसाला द्यायचं की शहराला, हा वाद असेल तर सिंचनाचा आकडा हवा. जमिनीने एकूण किती ओलावा दिला हे पाहायचं असेल तर पहिला. जागतिक सरासरी घेऊन विदर्भाबद्दल बोलणं मात्र चूक, कारण अशी सरासरी एकाही शेतात नसते. सेंद्रिय कापसाला '९१ टक्के कमी पाणी' लागतं हा दावा याच खड्ड्यात पडला होता. तुलनेत एका बाजूला बहुतांशी पावसावर घेतलेला सेंद्रिय कापूस होता आणि दुसऱ्या बाजूला नेहमीच्या कापसाची जागतिक सरासरी. फरक पावसाचा होता, श्रेय सेंद्रिय पद्धतीला मिळालं.

गुणपत्रिकेची गोष्ट

इतका गुंता सामान्य ग्राहकाने सोडवावा ही अपेक्षाच चुकीची, तेव्हा सगळं एका गुणात बसवू, असा विचार पुढे आला. वॉलमार्ट आणि पॅटागोनिया या दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या कंपन्यांच्या पुढाकारातून सस्टेनेबल अपॅरल कोअलिशन उभी राहिली आणि २०१२मध्ये तिने 'हिग इंडेक्स' आणला. त्याची अनेक अंगं आहेत. एक भाग कारखान्यासाठी आहे: ऊर्जा, पाणी, सांडपाणी, हवा, कचरा, रसायनं आणि व्यवस्थापन यांची माहिती कारखान्याने भरायची. दुसरा भाग कापडाच्या प्रकारांसाठी: किलोभर सूत, रेशीम, लोकर, पॉलिएस्टर यांना तापमानवाढ, पाणीटंचाई, पाण्यातली पोषकद्रव्यांची वाढ, जीवाश्म इंधनाचा वापर आणि रसायनं या पाच निकषांवर गुण.

घोळ झाला तो या दुसऱ्या भागात. त्याची हद्द कापड तयार होईपर्यंतच होती. त्यामुळे पॉलिएस्टर धुताना सुटणारे प्लास्टिकचे सूक्ष्म धागे किंवा फेकून दिल्यावर त्याचं काय होतं, हे हिशेबात येतच नव्हतं, आणि नैसर्गिक धाग्यांपेक्षा पॉलिएस्टर उजवं ठरायचं. पॉलिएस्टरचे मूळ आकडे युरोपातल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेकडचे आहेत आणि पॉलिएस्टर मात्र बहुतांशी चीनमध्ये बनतं, असाही टीकाकारांचा आक्षेप होता. जून २०२२मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने नॉरोना या तिथल्या कपड्यांच्या कंपनीला बजावलं, की हे सरासरी गुण दाखवून एखादा विशिष्ट कपडा पर्यावरणाला कमी हानिकारक आहे असं सांगणं ग्राहकाची दिशाभूल करणारं आहे. एच अँड एमलाही तसाच इशारा गेला. त्याच महिन्यात 'क्वार्ट्झ'च्या पत्रकारांनी दाखवून दिलं, की एच अँड एमच्या संकेतस्थळावर काही गुणांमधलं उणे चिन्हच गळालं होतं. सरासरीपेक्षा वीस टक्के जास्त पाणी लागणारा कपडा वीस टक्के कमी पाण्याचा म्हणून दिसत होता. ग्राहकांसाठीचा हा कार्यक्रम संघटनेला थांबवावा लागला.

उणे चिन्हाची चूक दुरुस्त करता येते. प्राधिकरणाचा मुद्दा त्याहून खोल होता. सुताचा सरासरी गुण तिरुप्पूरमध्ये शून्य विसर्गाने रंगवलेल्या टी-शर्टलाही मिळतो आणि कुठल्याशा ओढ्यात सांडपाणी सोडणाऱ्या रंगाईघरातल्या टी-शर्टलाही. पहिल्याने कोट्यवधी रुपये गुंतवले, दुसऱ्याने वाचवले, आणि गुणपत्रिकेत दोघे सारखेच. अशा मापाने कुणाला सुधारावंसं का वाटेल?

शून्याचा खर्च

शून्य विसर्गाचं यश मोजतानाही सावध राहावं लागतं. सांडपाणी आधी जिवाणूंच्या टाक्यांतून जातं, मग दाबाखाली आरओच्या पडद्यांतून. नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी पुन्हा रंगाईला वापरता येतं. उरलेलं अतिखारं पाणी बाष्पीभवनाच्या भांड्यांत आटवून त्यातून मीठ काढतात, आणि तेही बऱ्याच अंशी परत वापरतात. पाणी आणि मीठ या दोन्ही रकान्यांत हा कारखाना पहिला येईल. पण पंपांना वीज लागते, पाणी आटवायला वाफ लागते, आणि वाफेसाठी बॉयलरमध्ये लाकूड किंवा कोळसा जळतो. वर गाळाची पोती आणि पुन्हा वापरता न येणारं मिश्र मीठ शेडमध्ये साठतं. म्हणजे नदीवरचं ओझं काही प्रमाणात हवेत आणि जमिनीवर गेलं.

हा सौदा वाईट नव्हता. नोय्यल खोऱ्याची निकड खाऱ्या पाण्याची होती आणि तिरुप्पूरच्या अनेक उद्योजकांच्या स्वतःच्या पवनचक्क्याही आहेत. पण पाणी, कार्बन आणि कचरा यांची एका गुणात बेरीज केली, की कशाला किती वजन द्यायचं हे कुणीतरी दूरच्या कार्यालयात ठरवतो. रकाने वेगळे ठेवले तर निदान वाद उघड्यावर होतो.

मीटरपर्यंत

मग विश्वासार्ह आकडा येतो कुठून? मीटरमधून. समजा, एका प्रोसेस हाउसला महिन्याला दोन लाख युनिट वीज लागते. आपल्या ग्रिडमधली वीज युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे १४० टन. त्या महिन्यात दोनशे टन कापड निघालं, तर किलोमागे ७०० ग्रॅम. हिशेब सोपा दिसतो. पण त्या दोनशे टनांत नुसतं ब्लीच केलेलं पांढरं कापड आहे आणि तीन-तीन धुणी लागणारं गडद निळंही. वजनाने सरसकट वाटलं तर निळ्याचा भार पांढऱ्यावर जातो. यंत्रागणिक वेगळे मीटर बसवले, तरच कुठल्या ऑर्डरला किती हे सांगता येईल. तसे मीटर महाग नसतात. त्यांच्या नोंदी ठेवणारा माणूस महाग पडतो.

इचलकरंजीत ही अडचण आणखी ठळक दिसते. खर्चीवाला यंत्रमागधारक दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतो. त्याच्या शेडला वीजमीटर आहे. २७ अश्वशक्तीच्या वर की खाली यावर सवलतीचा दर ठरत असल्याने जोडणीची नोंदही चोख असते. पण सूत व्यापाऱ्याचं, त्याचं सायझिंग तिसरीकडे, ग्रे कापड प्रोसेसिंगला चौथ्याकडे, आणि शेवटी शिवलेल्या शर्टवर नाव पाचव्याचं. आकडा अस्तित्वात आहे, तो शर्टपर्यंत पोचवणारी साखळी नाही. पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा दर उन्हाळ्यात होते, पण त्या चर्चेत एखाद्या ब्रँडचं नाव क्वचितच येतं, त्याचं हेही एक कारण.

साखळी कागदावर पूर्ण असली म्हणजे झालं, असंही नाही. सेंद्रिय कपड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या 'गॉट्स' या संस्थेलाच २०२०मध्ये भारतात सुमारे वीस हजार टन कापूस बनावट कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून पुढे सरकल्याचं आढळलं. कागदाला कागद जुळत होता. शेतात जाऊन कुणी ताळा केला नव्हता.

ताळा करण्याचा एक चांगला मार्ग चीनमधून आला. मा जुन या पत्रकाराने २००६मध्ये तिथे एक संस्था स्थापन केली आणि सरकारी यंत्रणांनीच नोंदवलेले प्रदूषणाचे गुन्हे कारखान्याच्या नावानिशी नकाशावर मांडायला सुरुवात केली. पुढे संस्थेने ब्रँडना विचारलं, की तुमच्या पुरवठादारांपैकी कोण या नकाशावर आहे? काही ब्रँडनी यादी ताडून पाहिली, काहींनी आधी टाळाटाळ केली. नवीन गुणपद्धत शोधायची गरजच पडली नाही. आधीच सरकारी फायलीत पडलेला आकडा आणि कारखान्याचा पत्ता यांची गाठ घालून दिली, एवढंच.

आता कायदेही त्याच दिशेने सरकत आहेत. सेबीने २०२२-२३पासून सर्वांत मोठ्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना ऊर्जा, पाणी, उत्सर्जन यांचा अहवाल सक्तीचा केला, पण आपल्याकडची बहुतेक रंगाईघरं त्या यादीत बसण्याइतकी मोठी नाहीत. युरोपीय संघाच्या २०२४च्या इकोडिझाइन कायद्यात वस्तूसोबत 'डिजिटल पासपोर्ट' देण्याची तरतूद आहे आणि कपडे त्याच्या अग्रक्रमात आहेत. तो पासपोर्ट सरासरी आकड्यांनी भरला तर हिग इंडेक्सची पुनरावृत्ती होईल. कारखान्याच्या मीटरमधून भरला तर तिरुप्पूरला आपल्या गुंतवणुकीचं चीज झालेलं दिसेल.

किलोमागे किती, एकूण किती?

शेवटचा मुद्दा भागाकाराचा. ब्रँडचे अहवाल बहुधा किलोमागचा किंवा नगामागचा आकडा देतात, आणि तो दरवर्षी थोडा कमी होत असतो. पण २०००मध्ये जगात सुमारे ५.८ कोटी टन धागा तयार झाला होता, २०२३मध्ये १२.४ कोटी टन. किलोमागचा परिणाम तीस टक्क्यांनी घटवूनही एकूण ओझं वाढतच गेलं असतं. शीइनने स्वतः जाहीर केलेलं २०२३चं उत्सर्जन १ कोटी ६७ लाख टन होतं, आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट. अशा वाढीपुढे एखाद्या नगाच्या कार्बनमधली घट फार काही सांगत नाही.

म्हणून कुठल्याही कपडे-कंपनीचा हिरवा दावा समोर आला, की तीन गोष्टी तपासाव्यात: वर्षाचं एकूण उत्पादन किती, एकूण पाणी आणि उत्सर्जन किती, आणि ते कुठल्या कारखान्यांत मोजलं. पहिल्या गोष्टीबाबत बहुतेक ब्रँड गप्प असतात. तिसरीची सुरुवात नायकेने २००५मध्ये आपल्या पुरवठादार कारखान्यांची यादी प्रसिद्ध करून केली, तेव्हा स्पर्धक आपले पुरवठादार पळवतील ही भीती उद्योगात बोलून दाखवली जात होती. ती फोल ठरली, आणि आज अनेक ब्रँड अशा याद्या देतात. त्यांत शिलाईची युनिटं भरपूर, रंगाईघरं थोडी, आणि कुणाच्याही नावापुढे सांडपाण्याचा आकडा जवळजवळ नाहीच. यादी आहे, मीटर आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे नमुन्यांचे अहवाल आहेत. ते एका ओळीत छापण्यात आता तांत्रिक अडचण अशी काही उरलेली नाही.